हंसाबाईंनी सांगितले ते, पडद्यावर आले ते

चैत्र जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे जत्रा कमिटीवाले जीपगाड्यांतून उतरतात, एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत फिरतात, वग कोणता, नाचणाऱ्या बाया किती, मागच्या वर्षी कुठे कसा रंग भरला याची चौकशी करतात आणि शेवटी सुपारी ठरते. त्याच दिवसांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत दुसरीही गडबड असते, ती घाटातल्या बैलगाड्यांची. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, २०२१च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली आणि बारी धरायला तरणी पोरे परत घाटात उतरली. तमाशा आणि बैल, या मुलखातल्या माणसाला या दोन विषयांवर बोलते करावे लागत नाही.

मराठी चित्रपटसृष्टीला हे फार आधी कळले होते. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला. त्याची गोष्ट बैलांच्या शर्यतीतल्या मानापमानावरून पेटते आणि तिचा निकाल तमाशाच्या बोर्डावर लागतो. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. जयश्री गडकर त्यातून वर आल्या, वसंत पवारांचे संगीत आणि आशा भोसले यांच्या आवाजातले बुगडीचे गाणे घराघरांत गेले. पण त्या चित्रपटातली फडावरची जाणती बाई, जिच्या नजरेत सगळे बघून झाल्याचा थकवा आणि तरीही न मोडलेला ताठा एकाच वेळी दिसतो, ती होती हंसा वाडकर. चित्रपट आला तेव्हा हंसाबाईंचे वय अवघे छत्तीस होते. नायिकेच्या मागे उभे राहायचे ते वय नव्हे. पण तोवर त्यांच्या आयुष्यात जे होऊन गेले होते, ते एखाद्या साठीच्या बाईच्या वाट्यालाही येत नाही.

पुढे या चित्रपटाचेच नाव त्यांनी आपल्या आत्मकथनाला दिले आणि त्या आत्मकथनावरून १९७७ साली श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट केला. एका नटीचे आयुष्य पडद्यावर आणण्याचा आपल्याकडचा हा अगदी सुरुवातीचा आणि माझ्या मते अजूनही सर्वांत धीट प्रयत्न. म्हणून तो पाहताना हंसाबाईंचे मूळ आयुष्य शेजारी ठेवून पाहावेसे वाटते.

रतन साळगावकर हे त्यांचे जन्मनाव. जन्म २४ जानेवारी १९२३चा, मुंबईतला. घराणे मूळचे सावंतवाडीकडचे, घरातल्या जुन्या बायका गाणाऱ्या. ज्या घरात कला पोट भरण्यासाठी असते, त्या घरात तिचा जितका अभिमान असतो तितकीच तिची लाजही असते. पुढची पिढी गरतीसारखी राहावी, लग्न होऊन चारचौघींसारखी नांदावी, अशी आस तिथे सदैव तेवत असते. रतनच्या घरी ही आस होती, पण पैसा नव्हता. वडील दारूच्या आहारी गेलेले, कमाई बेभरवशाची. शाळा सुटली आणि वयाच्या तेराव्या वर्षी रतन कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. १९३६ सालचा ‘विजयाची लग्ने’ हा तिचा पहिला चित्रपट. नात्यातल्या इंदिराबाई वाडकर आधीच कलाक्षेत्रात होत्या, त्यांचे आडनाव हिने घेतले. साळगावकरांचे नाव पडद्यावर नको, हाही त्यामागचा एक हिशेब होता. रतनची हंसा झाली ती अशी.

ज्यांनी या मुलीला चित्रपटाच्या धंद्याकडे नेण्यात पुढाकार घेतला, त्या जगन्नाथ बंदरकरांशीच पुढे तिचे लग्न झाले. ते वयाने बरेच मोठे, तिच्या लहानपणापासून घरात येणारे-जाणारे. लग्न झाले तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. तिची अपेक्षा साधी होती. लग्न झाले की स्टुडिओ सुटेल, आपण घर सांभाळू, मुले होतील. झाले उलटेच. लग्नानंतर काम वाढले. करार नवऱ्याने करायचे, पैसे नवऱ्याने घ्यायचे, संशयही नवऱ्यानेच घ्यायचा, आणि कॅमेऱ्यासमोर मात्र तिने उभे राहायचे. तिला मूल हवे असायचे तेव्हा चालू असलेला चित्रपट आडवा यायचा. अखेर एक मुलगी झाली, तेवढीच.

बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे खेड्यापाड्यांतल्या शाखांत काढली. खाते बाईच्या नावाचे, पैसे काढायच्या स्लिपवर अंगठा किंवा अडखळती सही बाईची, आणि नोटा मोजून खिशात घालणारा हात भलत्याच कोणाचा, हे दृश्य आठवड्याच्या बाजारच्या दिवशी हमखास दिसे. नियमाप्रमाणे सगळे बरोबर असे. सही जुळत असे, शिल्लक पुरेशी असे. आमच्या लेजरमध्ये या व्यवहारात खटकण्याजोगे काही नव्हते. हंसाबाईंचे आयुष्य वाचताना ते काउंटर पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते. त्या काळच्या मोठ्या नटीची कमाई सामान्य नोकरदाराच्या कितीतरी पट असे, पण त्या कमाईवर तिचा ताबा किती, हा प्रश्न पडद्याच्या झगमगाटात कोणाला सुचत नसे. तमाशात याला ‘उचल’ म्हणतात. हंगामाआधी कलावंत मालकाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत त्या फडाशी बांधला जातो. स्टुडिओतल्या कराराची भाषा इंग्रजी होती आणि त्यावर स्टॅम्प होता, एवढाच काय तो फरक.

काम मात्र त्यांनी खणखणीत केले. बॉम्बे टॉकीजमध्ये १९३९ साली ‘नवजीवन’, पुढे ‘आझाद’. मग पुण्याला प्रभात. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्याच आवारात १९४१ साली ‘संत सखू’ तयार झाला. दामले, फत्तेलाल आणि राजा नेने यांचे दिग्दर्शन. सासुरवासाने गांजलेली कऱ्हाडची सखू, तिला पंढरीला जायचे आहे, सासरचे तिला खांबाला बांधून घालतात आणि तिच्या जागी खुद्द विठोबा बांधून घेतो, ही कथा महाराष्ट्रातल्या बायकांना जात्यावरच्या ओवीइतकी जवळची. पडद्यावर ती सोसणारी सखू पाहून आयाबाया पदराने डोळे पुसत. त्या सखूच्या जागी बांधून घ्यायला कोणी विठोबा आला नाही, हे थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना कुठून कळणार?

मग १९४७ सालचा ‘लोकशाहीर राम जोशी’. राजकमलची निर्मिती, बाबुराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाईंचे संगीत. जयराम शिलेदार राम जोशी झाले आणि हंसाबाई बया. सोलापूरच्या ब्राह्मण घरातला कवी तमाशाच्या नादी लागतो, समाज त्याला टाकतो, आणि फडावरची ही बाई त्याच्या कवितेला पाय आणि आवाज देते. हिंदीतही तो झाला. मराठीत पुढे पंचवीस वर्षे तमाशापटांची जी लाट चालली, तिचा उगम इथला. गंमत अशी, की याच सुमारास मुंबई इलाख्याच्या खेर सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून खऱ्या तमाशावर बंदी घातली होती. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, वग तपासून घ्यायच्या अटीवर तमाशा पुन्हा उभा राहिला. म्हणजे शहरातला प्रेक्षक तिकीट काढून पडद्यावरच्या बयेला टाळ्या देत होता आणि नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्यासारख्या फडांना परवानगीसाठी तिष्ठावे लागत होते.

भाऊ-बापूंपैकी भाऊंची मुलगी विठाबाई हंसाबाईंपेक्षा बारा वर्षांनी लहान. तिचे नाव पुढे नारायणगावाला असे चिकटले, की तिच्यामुळे गाव ओळखले जाऊ लागले. बोर्डावर नाचता नाचता कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा येऊन वग पुरा केला, ही विठाबाईंची गोष्ट या भागात लहान पोरही सांगते. त्यांना राष्ट्रपतींकडून गौरव मिळाला आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा घरात ददात होती. हंसाबाईंनी पडद्यावर ज्या बाया उभ्या केल्या त्यांचे खरे घर इथे, कुकडी आणि मीनेच्या काठी. एकीला स्टुडिओतले दिवे मिळाले, दुसरीला गॅसबत्ती. दोघींच्याही हिशेबाची वही दुसऱ्यांकडे राहिली.

हंसाबाईंच्या घरचे तंटे विकोपाला गेले, मधे दारू आली. अशाच एका भांडणानंतर त्या घराबाहेर पडल्या आणि एका बड्या जमीनदाराबरोबर मराठवाड्यातल्या त्याच्या गावी गेल्या. मागे मुलगी राहिली. जिने आयुष्यभर गरतीचे घर मागितले, तिला ते इथे मिळाले. डोक्यावर पदर, चुलीपुढे बसणे, आधीच्या बायकांबरोबर संसार, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला मनाई. जवळजवळ तीन वर्षे ती नटी महाराष्ट्राच्या नजरेतून पार नाहीशी झाली. शेवटी चोरून नवऱ्याला निरोप धाडला, तो पोलिस घेऊन आला आणि सुटका झाली. सुटकेच्या कागदपत्रांसाठी ज्या अधिकाऱ्यापुढे त्यांना उभे केले, त्याने त्यांच्यावर अत्याचार केला, हेही त्यांनी नंतर स्वच्छ सांगून टाकले आहे. रविवारच्या पुरवणीत याहून अधिक लिहिण्याची गरज नाही. १९७० साली मराठीत एका बाईने हे आपल्या नावानिशी छापू दिले, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

त्यानंतरची वर्षे चढउतारांची. ‘पुढचं पाऊल’मध्ये १९५० साली त्या पु. ल. देशपांड्यांबरोबर दिसल्या, ‘मी तुळस तुझ्या अंगणी’, ‘नायकिणीचा सज्जा’ आले, मग ‘सांगत्ये ऐका’. साठीच्या दशकात चित्रपट कमी झाले, नाटके झाली, प्रकृती खालावली, व्यसनाने धरलेले सोडले नाही. अशा वेळी अरुण साधू त्यांच्याकडे गेले. पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे साधू तेव्हा तरुण पत्रकार होते. हंसाबाईंनी सांगायचे आणि साधूंनी ते शब्दांत बांधायचे, असे ठरले. श्री. ग. माजगावकरांच्या ‘माणूस’मधून ते प्रसिद्ध झाले आणि १९७० साली राजहंस प्रकाशनाने पुस्तक काढले. त्या काळच्या मराठी मध्यमवर्गाने ते पेपरात गुंडाळून घरी नेले आणि चोरून वाचले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

त्या पुस्तकाचे बळ त्याच्या आवाजात आहे. रडणे नाही, फिर्याद नाही, आपण सती-सावित्री होतो असा आव नाही. स्वतःच्या चुका, हट्ट, मोह, दारू हे सगळे त्या बाजारातली खरेदी सांगावी तसे सांगतात. आपल्या हातून काय झाले आणि आपल्यावर काय लादले गेले याची फोड वाचकाने करावी. २३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, हंसाबाई मुंबईत गेल्या. पुस्तक हातात पडल्यानंतर फार दिवस लाभले नाहीत.

सहा वर्षांनी ‘भूमिका’ आला. पटकथेवर बेनेगलांबरोबर गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे, कॅमेरा गोविंद निहलानींचा. बेनेगलांनी पहिली गोष्ट केली ती नावे बदलण्याची. हंसाची उषा झाली, पडद्यावरची उर्वशी. नवरा केशव दळवी, म्हणजे अमोल पालेकर. मध्यमवर्गाचा लाडका, बसस्टॉपवर उभा राहणारा सालस पालेकर इथे बायकोच्या कमाईवर जगणारा, गोड बोलून कुरतडणारा नवरा होतो, ही निवड फार हुशारीची होती. मराठवाड्यातला जमीनदार विनायक काळे झाला आणि अमरीश पुरींनी त्याला जराही आवाज न चढवता उभा केला. जत्रेला मुलाला घेऊन जाण्याची साधी इच्छा आणि त्यावर मिळालेला नकार, एवढ्यावर त्या वाड्याचा तुरुंग प्रेक्षकाला दिसतो. बाहेरच्या दाराला कुलूप दाखवावे लागत नाही.

काळ दाखवण्याची त्यांची युक्तीही पाहण्यासारखी आहे. उषाच्या लहानपणाचा भाग कृष्णधवल, आणि जसजशी वर्षे पुढे सरकतात तसतसा त्या त्या काळच्या चित्रपटांसारखा फिल्मचा रंग बदलत जातो. तिचे आयुष्य आणि चित्रपटाच्या धंद्याचे आयुष्य एकाच रिळावर चालते. बाईचे चरित्र सांगताना बेनेगलांनी बोलपटाच्या जमान्याचेही चरित्र सांगून टाकले.

आणि स्मिता पाटील. चित्रीकरणाच्या वेळी ती विशीत नुकती आलेली. पुण्यात जन्मलेली, दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी ही मुलगी, सोळा वर्षांच्या अल्लड पोरीपासून थकलेल्या, प्रौढ नटीपर्यंतचा प्रवास चालण्या-बसण्यातून दाखवते. पहिल्याच दृश्यात स्टुडिओत ती नाचते. त्या नाचात लावणीचा ठसका आहे आणि डोळ्यांत घरी जायची घाई. १९७७ सालचा उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला, पटकथेलाही मिळाला. १९८६च्या डिसेंबरात ती गेली, एकतीस वर्षांची. हंसाबाईंपेक्षाही सतरा वर्षे कमी.

तरीही दोन गोष्टी मला खटकत आल्या आहेत. एक म्हणजे तो न्यायदानाच्या खुर्चीतला अधिकारी चित्रपटात नाही. नवरा पोलिस घेऊन येतो, सुटका होते, गोष्ट पुढे जाते. म्हणजे जुलूम राहतो तो नवरा, प्रियकर, जमीनदार अशा घरातल्या पुरुषांचा. सरकारी शिक्क्याचा जुलूम तेवढा वगळला गेला. आणीबाणी नुकती उठत असलेल्या त्या काळात हे मुद्दाम झाले असे मी म्हणणार नाही. दोन-सव्वादोन तासांत सगळे मावत नाही हेही मान्य. पण पुस्तकातला सर्वांत थंड, सर्वांत भयंकर प्रसंग तोच आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. उषा हिंदी बोलते, त्यामुळे ती सगळ्या देशाची झाली, हा फायदाच. पण संत सखू, बया, फडावरची ती जाणती बाई, प्रभातचे आवार, जत्रेच्या तंबूत जमिनीवर बसून तिला पाहणारा जुन्नर-आंबेगावचा प्रेक्षक, हे सगळे गळाले. उषा कोणत्याही स्टुडिओतली नटी होऊ शकते. हंसाबाई मात्र मराठीखेरीज कुठल्या मातीत उगवल्या नसत्या. ‘भूमिका’ पाहिलेल्या परप्रांतातल्या कित्येकांना त्या नावाची कोणी बाई होती हे ठाऊक नसते. ‘सांगत्ये ऐका’चा इंग्रजी अनुवाद यायला २०१३ साल उजाडावे लागले.

नावे बदलली म्हणून बेनेगलांना जी मोकळीक मिळाली, ती आजच्या चरित्रपटांना दिसत नाही. अलीकडे खऱ्या नावानिशी चित्रपट निघतात. २०११ साली ‘बालगंधर्व’ आला, २०१६ साली भगवानदादांवर ‘एक अलबेला’ आला, तेलुगूत २०१८ साली सावित्रीवर ‘महानटी’ आला आणि कीर्ती सुरेशला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सावित्रीचे आयुष्य हंसाबाईंच्या फार जवळचे. तीच कोवळ्या वयातली कीर्ती, तोच फसलेला संसार, तीच दारू. ‘महानटी’ डोळ्यांत पाणी आणतो, दागिने आणि साड्या डोळ्यांचे पारणे फेडतात. पण त्यात सावित्री देवी होते, आणि देवीला चुका करायची मुभा नसते. उषाला ती आहे. ती चिडते, खोटे बोलते, मुलीला मागे टाकून जाते, आणि तरी आपण तिच्या बाजूने उभे असतो.

‘भूमिका’च्या शेवटी मुलगी आईला आपल्याकडे राहायला बोलावते आणि उषा नाही म्हणते. ती हॉटेलच्या खोलीत एकटी बसलेली असते आणि फोन वाजतो. चित्रपट तिथे संपतो. हंसाबाईंच्या बाबतीत मात्र यानंतर बराच काळ गेला, आणि एके दिवशी त्या एका तरुण पत्रकारासमोर बसून पहिल्यापासून सगळे सांगू लागल्या. सखूचे आणि बयेचे संवाद माडगूळकरांसारख्यांनी लिहून दिलेले, करार नवऱ्याने वाचलेले. या वेळी मात्र काय सांगायचे आणि काय ठेवायचे ते त्यांनी ठरवले. पुढे मागे कोणी मराठी दिग्दर्शक हंसाबाईंवर त्यांच्या खऱ्या नावाने चित्रपट काढायला निघाला, तर त्याने या खोलीपासून सुरुवात करावी. बेनेगलांनी ती शिल्लक ठेवली आहे.